नाक्यावरून इस्रायलला निघालेल्या मिस्त्रीभावांना खुलं पत्र

मिस्त्रीभावांनो,

मी वसईचा. चौतीस वर्षं बिल्डिंग लाइनमध्ये काढली, त्यातली शेवटची वीस साइट सुपरवायझर म्हणून. रोज सकाळी नाक्यावर यायचो. कोणाच्या पिशवीतून थापीची मूठ डोकावतेय, कोणाच्या खांद्यावर लेव्हल ट्यूबचं वेटोळं आहे, ते लांबूनच हेरायचो आणि ‘फरशीवाले दोन, गिलाव्याला एक, बिगारी चार’ असं ओरडून टेम्पोत बसवायचो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लावलेल्या फरशीवरून मी अनवाणी चाललोय, कुठे खाच लागते का ते तळपायाने बघत. उघड्या विटांच्या भिंतीवर तुम्ही पेन्सिलीने मांडलेले हिशोब वाचलेत. चौरस फुटांचे, उचलीचे, एकदा तर एका पोराच्या शाळेच्या फीचेसुद्धा. त्या ओळखीच्या आधारावर हे लिहितोय.

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या टीममधला एक फरशीवाला घरी आला. मूळचा परभणीकडचा, आता नालासोपाऱ्यात भाड्याने राहतो. गावच्या घरावर कर्ज, मुलगी लग्नाची. मोबाइल काढून त्याने मला इस्रायलच्या भरतीची माहिती दाखवली. महिना १,३७,००० रुपये. वर्षभरात आपण इथे जे कमावतो ते तिथे दोन-तीन महिन्यांत. “काका, जाऊ का?” त्याने विचारलं. मी चहा टाकायला सांगितला, इकडचं तिकडचं बोललो आणि उत्तर न देताच त्याला वाटेला लावलं. रात्री झोप आली नाही. त्या देशात काम करणारा एक फरशीवाला मी कधीकाळी पाहिला होता, आणि तो जिथे भेटला ती जागा डोळ्यांसमोरून हलेना.

त्याला न दिलेलं उत्तर आता तुम्हा सगळ्यांना लिहितोय.

२०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या पॅरिशमधून चाळीसएक जण होली लँडच्या, म्हणजे येशूच्या भूमीच्या, यात्रेला गेलो होतो. वसईत हे काही नवीन नाही. माणसं आयुष्यभर पैसे साठवतात आणि गुडघे चालताहेत तोवर एकदा जाऊन येतात. आमचा मुक्काम बेथलेहेमला होता, वेस्ट बँक नावाच्या पॅलेस्टिनी भागात. जेरुसलेमहून तिथे जाताना बस आठ मीटर उंच काँक्रीटच्या भिंतीतल्या फाटकातून आत जाते. आम्ही गाणी म्हणत होतो. एका पोरसवदा सैनिकाने बसकडे नजर टाकली, हात केला, बस पुढे. आम्हाला खाली उतरावंही लागलं नाही. माझं लक्ष आपलं सवयीप्रमाणे भिंतीच्या कामाकडे. एकाला एक लावलेली प्रीकास्ट पॅनेल, प्रत्येकाच्या माथ्याशी क्रेनने उचलायला ठेवलेलं गोल भोक. काम चोख होतं. त्यापलीकडे तेव्हा मनात काही आलं नाही, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला गाड्यांच्या आवाजाने जाग आली. खिडकीतून पाहिलं तर व्हॅनमागून व्हॅन, दारं आपटताहेत, माणसं उतरताहेत, सगळी एकाच दिशेला. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, अंगावर सिमेंटचे डाग पडलेली जाकिटं. ती चाल मी ओळखली. कामाला उशीर झालेल्या माणसाची चाल जगात सगळीकडे सारखीच असते. रविवार होता. तिथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, साडेसातला होती. स्वेटर, मफलर चढवला आणि त्यांच्या मागोमाग निघालो.

दहा-बारा मिनिटांवर तीच भिंत. फक्त आम्ही बसने आलो ते फाटक वेगळं होतं आणि हे पायी जाणाऱ्यांचं वेगळं. बायबलमधल्या रेचलची कबर तिथून जवळच. या जागेचं एक नाव गिलो, बेथलेहेमचे लोक नुसतं ‘३००’ म्हणतात, आणि अशा कुठल्याही अडवणुकीच्या जागेला अरबीत ‘हाजिज’ म्हणतात. आपल्या भाषेत मात्र काम मिळण्याची जागाही नाका आणि अडवणुकीची जागाही नाका. तुम्हाला एकच नाका माहीत आहे. तिथल्या माणसाला कामाच्या नाक्यापर्यंत पोचण्यासाठी आधी दुसरा नाका पार करावा लागायचा, रोज.

भिंतीला चिकटून एक लांबलचक गल्ली काढलेली. एका बाजूला काँक्रीट, दुसऱ्या बाजूला लोखंडी गज, डोक्यावर पत्रा. दोन माणसं एकमेकांना घासून उभी राहतील इतकीच रुंदी. त्यात माणसं ठासून भरलेली आणि गल्ली संपल्यावर मागे रस्त्यावरही गर्दी. काही तरणी पोरं गजांना धरून बाहेरच्या बाजूने वर चढत होती, लोकांच्या डोक्यांवरून सरपटत पुढे जाऊन कुठेतरी फटीत पाय सोडत होती. खालचे ओरडत होते, पण फार नाही. बहुतेक जण गप्प. थंडी एवढी की सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती, आणि त्या पत्र्याखाली ती वाफ एकच ढग होऊन थांबली होती.

गल्लीच्या टोकाला फिरतं लोखंडी फाटक. माणसाच्या उंचीपेक्षा उंच, आडव्या दांड्यांचं, एकेकाला आत ओढणारं. आतल्या सैनिकाने बटण दाबलं की ते फिरतं. दहा-वीस जण आत गेले की खटकन अडकतं, आणि जो मधोमध असेल तो दांड्यांच्या पिंजऱ्यात उभा राहतो, पुन्हा बटण दाबेपर्यंत. किती वेळ, ते कोणी सांगत नाही. मी बांधकामवाला म्हणून पुढे याबद्दल वाचलं. इस्रायलमध्ये स्टेशनांवर वगैरे जी फिरती फाटकं असतात त्यांच्या दांड्या ७५ ते ९० सेंटिमीटरच्या. या नाक्यांसाठी त्या ५५ सेंटिमीटरच्या मागवल्या गेल्या, असं तिथल्याच वास्तुरचनेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय. म्हणजे माणूस दांडीला घासूनच जाईल, त्याच्या अंगावर काही लपवलेलं असेल तर कळेल. पिशवी घेतलेल्या, जाडजूड किंवा लेकरू कडेवर असलेल्या माणसाचं काय होत असेल? मापात वीस सेंटिमीटरचा फरक पडला तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या फाटकानंतर मोकळं आवार, मग बेल्ट, बूट, पिशव्या काढून धातुशोधक, मग जाड काचेमागे बसलेल्या सैनिकासमोर ओळखपत्र, परवाना आणि यंत्रावर बोट. इतकं झालं की पलीकडे ठेकेदाराची गाडी. हे सगळं वीस मिनिटांत उरकेल की दोन तास लागतील, ते कोणालाच माहीत नसायचं. म्हणून दक्षिणेकडच्या हेब्रॉन शहराच्या आसपासच्या गावांतली माणसं रात्री दीड-दोनला घर सोडायची. सातला कामावर हजर व्हायचं असायचं, आणि जेरुसलेम तिथून आठ-नऊ किलोमीटर. वसईहून नालासोपारा, फार तर विरार.

रांगेच्या कडेला गाड्यावर एक जण कॉफी विकत होता, एक जण तीळ लावलेली लांबट गोल भाकरी. मी कॉफी घेऊन कठड्यावर टेकलो. थोड्या वेळाने परतीच्या वाटेने एक माणूस उलटा बाहेर आला. पन्नाशीचा, डोक्याला लोकरीची टोपी. माझ्या शेजारी बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. त्याला थोडं इंग्रजी येत होतं, मला थोडं येतं. “काम नाही?” मी विचारलं. त्याने अंगठा माझ्यासमोर धरला. “मशीन नाही म्हणतं.”

मी त्याचा हात हातात घेतला. सिमेंटने खाल्लेली बोटं. टोकं गुळगुळीत, कडांना चिरा, चिरांत पांढरा ग्राउट बसलेला, नखं चुन्यासारखी. त्या अंगठ्यावर वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी माझाही अंगठा त्याच्या शेजारी धरला. रेशनच्या दुकानात माझ्या बायकोचा उमटतो, माझा उमटत नाही, हे त्याला खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. काय कळलं कोण जाणे, पण तो हसला. मग मी रबरी हातोडीने टाइल ठोकल्याची खूण केली. त्याचे डोळे एकदम चमकले. “बलाट!” म्हणाला. फरशीला अरबीत तो शब्द आहे. त्याने पायाने जमिनीवर रेघ मारली आणि हाताने दोरी ताणून दाखवली, तुम्ही पहिली रांग धरताना ताणता तशीच.

आपल्यापैकी किती जणांचा अंगठा उमटत नाही, सांगा. आधारवर नाही, रेशनवर नाही, बँकेतल्या यंत्रावर नाही. आपल्याला ‘उद्या या’ म्हणतात आणि आपण शिव्या घालत घरी जातो. त्याचा उमटला नाही तर खाडा. दोन-तीन खाडे झाले की ठेकेदार दुसरा माणूस बघतो. आणि तेव्हा परवाना ठेकेदाराच्या नावाने असायचा, त्यामुळे ठेकेदार गेला की परवानाही गेला. ज्या हाताने त्या देशाच्या फरश्या लावल्या, त्याच हाताला त्या कामाने झिजवलं, आणि झिजला म्हणून नाक्यावरून परत पाठवलं.

कॉफीवाल्याकडून त्याने बाटलीभर पाणी घेतलं, बोटं धुतली, पँटवर घासून कोरडी केली, त्यांवर फुंकर घातली. मग उठला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाशी जाऊन उभा राहिला. पाच वाजून गेले होते. मी मिस्सेसाठी परतलो. तो पलीकडे पोचला की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

आता त्या परवान्याविषयी थोडं. तुमचं आमचं आयुष्य ठेकेदारांत गेलंय, त्यामुळे कळायला जड जाणार नाही.

वेस्ट बँक आणि गाझा हे दोन्ही पॅलेस्टिनी भाग इस्रायलने १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतले. सुरुवातीला तिथल्या मजुरांना इस्रायलमध्ये कामाला जायला फारशी आडकाठी नव्हती. १९७२ पासून तर एकच सरसकट परवानगी सगळ्यांना लागू होती. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास ती रद्द झाली आणि माणसागणिक परवाना आला. मार्च १९९३ पासून तो भाग पक्का बंद झाला आणि नाके कायमचे झाले. तेव्हाही तिथल्या बिल्डरांना माणसं हवीच होती, म्हणून रोमानियातून, थायलंडमधून, पुढे चीनमधून मजूर आणले. म्हणजे नाका बंद करायचा आणि माणसं लांबून आणायची, हे तिथे तीस वर्षांपूर्वीच घडलेलं आहे. तुम्ही त्या मालिकेतले पहिले नाही.

परवाना मिळवायचा तर लष्कराच्या नागरी प्रशासनाची मंजुरी, सुरक्षा यंत्रणेची तपासणी, बायोमेट्रिक कार्ड आणि वर ठेकेदाराचं नाव लागायचं. कधी कोणाला ‘सुरक्षेच्या कारणाने मनाई’ असा शेरा बसतो. कारण सांगत नाहीत. एकदा शेरा बसला की वर्षानुवर्षं निघत नाही. बहुतेकांना रात्री तिकडे राहायची परवानगी नसायची, म्हणून रोज संध्याकाळी परत यायचं आणि रोज पहाटे पुन्हा त्याच गल्लीत. मधल्या मधे दलाल. परवाना विकणारे दलाल महिन्याला दोन ते अडीच हजार शेकेल (इस्रायलचं चलन) घ्यायचे. ही नियमबाह्य कमाई इतकी फोफावली की इस्रायलच्या मध्यवर्ती बँकेने तिचा अभ्यास केला आणि २०२० च्या शेवटी सरकारला पद्धत बदलावी लागली. दलाल तरीही गेले नाहीत. आपल्याकडचे मुकादम कायद्याने कुठे गेले?

एवढं सोसून ती माणसं का जायची? वेस्ट बँकेत मिळणाऱ्या मजुरीच्या दुपटीहून जास्त मजुरी पलीकडे मिळायची म्हणून. तुम्हीही त्याच कारणाने फॉर्म भरताय.

मग ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. गाझातून हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने हल्ला केला. सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यांत थायलंडहून शेतावर राबायला आलेले मजूर होते, नेपाळहून शेती शिकायला आलेली पोरं होती. त्या दिवसाला मी कुठल्याही कारणाने हलकं करणार नाही. आणि त्यानंतर गाझात जे झालं, हजारो लेकरांसकट गावंच्या गावं जी गाडली गेली, तेही हलकं करणार नाही. माझं पत्र मात्र त्या पहाटेच्या रांगेपुरतं आहे. हल्ल्यानंतर काही दिवसांत वेस्ट बँकेच्या सुमारे दीड लाख कामगारांचे परवाने थांबले. गाझाच्या १८,००० च्या आसपास कामगारांचे रद्दच झाले. जे त्या दिवशी इस्रायलमध्ये साइटवर, शेतात होते, त्यांतल्या हजारोंना धरून ठेवलं आणि नोव्हेंबरात बॉम्ब पडत असताना गाझात परत ढकललं. वेस्ट बँकेतल्या दीड लाखांमधल्या थोड्यांनाच पुढे पुन्हा घेतलं, आणि त्यांतलेही बरेचसे त्यांच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इस्रायली वस्त्यांमध्ये. २०२५ सरत आलं तरी बाकीचे घरीच होते. २०२४ मध्ये वेस्ट बँकेतली बेकारी तीस टक्क्यांच्या वर गेली. ती गल्ली, ते गज, तो पत्रा अजून जागेवर आहे. पहाटे तीनला तिथे येणारी माणसं नाहीत. मला वाटायचं, रांग असणं हीच त्यांच्यावरची सगळ्यात वाईट गोष्ट आहे. रांगच नाहीशी होणं त्याहून वाईट असतं.

त्याच काळात आपल्याकडे भरती सुरू झाली. ४२,००० भारतीय कामगारांचं बोलणं मे २०२३ मध्येच, म्हणजे हल्ल्याआधीच झालं होतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण घाई सुरू झाली ती परवाने थांबल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये रोहतकला, लखनौला चाचण्या झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या पुण्यात, औंधच्या आयटीआयमध्ये झाल्या. शटरिंगचा सुतार, सळई बांधणारा, फरशीवाला, गिलाव्यावाला. चार कामं. बेथलेहेमच्या रांगेत मी जी माणसं पाहिली त्यांचीही हीच चार कामं.

भावांनो, तुमच्यावर दोष ठेवायला मी बसलेलो नाही. माझ्यावर कर्ज नाही, मुलगा कमावता आहे, घर स्वतःचं आहे. ‘मी असतो तर गेलो नसतो’ असं म्हणणं मला फुकटचं आहे, म्हणून ते म्हणत नाही. नाक्यावर दुपारी बारापर्यंत उभं राहून रिकाम्या हाताने घरी जाणं काय असतं ते मी रोज पाहिलंय. त्या माणसाला १,३७,००० हा आकडा दिसला तर तो धावणारच. पण ज्यांनी तुम्हाला हा आकडा सांगितला त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय तुम्हाला विमानात बसू देणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही रिकाम्या जागेवर चाललेला नाही. ती जागा रिकामी करवून घेतलेली आहे. तिचा माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, साइटपासून आठ-नऊ किलोमीटरवर घरी बसलाय, आणि तुम्ही चार हजार किलोमीटरवरून जाऊन त्याच्या रांगेत टाइल लावणार आहात. तुम्हाला विमानतळावर शिक्का, राहायला खोली, साइटवर न्यायला गाडी. तुमचा पासपोर्ट तुम्हाला आत नेतो. त्याला मात्र त्याच्या गावातूनच बाहेर पडता येत नाही.

माझे काही मित्र म्हणतात, “सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यांनी काय करावं?” मी या प्रश्नाला उडवून लावत नाही. दोन हजारनंतरच्या दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, इस्रायलमध्ये बसमध्ये, हॉटेलांत बॉम्ब फुटले, शेकडो सामान्य माणसं मेली. भिंत २००२ पासून बांधायला घेतली ती त्यानंतर. भीती खरी होती. पण भीतीला भिंत हवी असेल तर ती स्वतःच्या हद्दीवर बांधावी. ठरवलेल्या मार्गातला जवळजवळ ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आतून जातो. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ ला तिथली भिंत बेकायदा ठरवली, आणि २० वर्षांनी, १९ जुलै २०२४ ला, तो सगळा ताबाच बेकायदा ठरवला. न्यायालयाचं मत राहू द्या बाजूला, साइटवरची गोष्ट सांगतो. ज्या माणसाची बोटं, चेहरा, घर, भाऊबंद, सगळं यंत्रणेच्या फायलीत आहे, जो वीस वर्षं रोज तपासून घेऊन आत गेला आणि रोज परत आला, तो परवानाधारक होता. त्याच वर्षांत परवान्याशिवाय भिंतीच्या भगदाडांतून रोज हजारो जण आत जायचे, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं हवी होती म्हणून चाललं. धोका मोजायची ही कुठली पट्टी? दीड लाखांहून जास्त मजुरांची चूल विझवून कोणी सुरक्षित झालं, असं मला तरी दिसत नाही.

आणि इस्रायलमधलीच माणसं हे सांगत आलीत. २००१ मध्ये तिथल्या काही बायकांनी ‘मखसोम वॉच’ नावाचा गट काढला. मखसोम म्हणजे हिब्रूत नाका. बहुतेक जणी वयस्कर, आज्या-पणज्या झालेल्या. पहाटे उठून या नाक्यांवर जाऊन उभ्या राहायच्या, काय चाललंय ते लिहून काढायच्या, ‘मनाई’चा शेरा बसलेल्या मजुरांसाठी अर्ज करून द्यायच्या. ते फाटक ज्यांच्या नावाने चालतं, त्यांच्यातल्याच या बायका. त्या रविवारी त्या तिथे होत्या की नाही मला माहीत नाही. असत्या तरी ओळखलं नसतं. पण आमच्या चाळीस जणांच्या गटातून पहाटे त्या फाटकापर्यंत मी एकटाच गेलो, तोही झोपमोड झाली म्हणून, हे मनाला लागून राहिलंय.

जाणार असाल तर काही सांगतो. वडीलधाऱ्याचं ऐका.

कराराची प्रत स्वतःकडे ठेवा, पासपोर्ट कोणाच्याही हातात देऊ नका. तेल अवीवमध्ये ‘काव लाओवेद’ नावाची संस्था आहे, १९९१ पासूनची. परदेशी मजुरांच्या आणि पॅलेस्टिनी मजुरांच्या, दोघांच्याही बुडालेल्या पगारासाठी ती लढते. पगार अडकला तर तिथे जा. तुमची आणि त्याची तक्रार एकाच टेबलावर घेतली जाते, हे तिथे गेल्यावर दिसेल. उत्तरेकडे, लेबनॉनच्या सीमेजवळ काम देत असतील तर दहादा विचार करा. मार्च २०२४ मध्ये तिथल्याच एका बागेवर क्षेपणास्त्र पडून केरळचा एक मजूर गेला.

साइटवर इस्रायलचे अरब नागरिक भेटतील, फोरमन म्हणून, क्रेनवर. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे नातेवाईक भिंतीपलीकडे आहेत. त्यांच्याशी बोला. ‘ते लोक’ म्हणून कोणी पॅलेस्टिनी कामगारांबद्दल वेडंवाकडं बोललं तर त्यात मान डोलवू नका. मुंबईत ‘ते लोक’ म्हणून आपल्याबद्दल काय काय बोललं जातं ते तुम्ही ऐकलेलं आहे. आणि उद्या नाके उघडले, ती माणसं कामावर परत आली, तर तुमच्या पोटावर पाय आला असं समजू नका. ठेकेदार तुम्हाला तसं सांगेल. तुम्हाला त्यांच्याशी आणि त्यांना तुमच्याशी भांडायला लावून दोघांचाही दर पाडण्याचा धंदा जुना आहे. नालासोपाऱ्याच्या नाक्यावर मराठवाड्याचा आणि बिहारचा मजूर असाच एकमेकांवर घातलेला मी पाहिलाय. घालणाऱ्यांत मीही एकदोनदा होतो. त्याची लाज वाटते.

आणि जे इथेच आहेत, युनियनमध्ये आहेत, त्यांना एक विनंती. नोव्हेंबर २०२३ मध्ये देशातल्या दहा मोठ्या कामगार संघटनांनी एकत्र पत्रक काढून म्हटलं होतं की पॅलेस्टिनी कामगारांच्या जागी भारतीय मजूर पाठवू नका. त्यानंतर आवाज बसत गेला. पुढच्या वेळी भरतीचा बोर्ड लागेल तेव्हा आयटीआयच्या दारात उभं राहून एवढं तरी विचारा: तुमच्या करारात त्या दीड लाखांच्या परवान्यांचं काय? आपलं सरकार तिथल्या सरकारशी मजुरांबद्दल बोलतंच आहे, तर हेही बोलता येईल.

परभणीच्या त्या फरशीवाल्याला मी काल फोन केला. हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, त्या माणसाचा अंगठा पुढं उमटला का?” मी म्हटलं, माहीत नाही. तो अजून ठरवतोय.

तुम्ही गेलात, आणि साइटवर अर्धवट सुटलेला मजला मिळाला, तर काम सुरू करायच्या आधी बघा. पहिल्या दोन रांगा कोणीतरी लावून गेलेला असेल. त्याची दोरी कुठून धरली होती ते आपण नेहमी शोधतो, तसं शोधा. उघड्या भिंतीवर अरबीत पेन्सिलीने लिहिलेले हिशोबही असतील, कारण जगातला कुठलाही मिस्त्री भिंतीवर लिहिल्याशिवाय राहत नाही. त्यावर गिलावा चढवण्याआधी साइटवरच्या कोणा अरबी जाणणाऱ्याला बोलावून विचारा, काय लिहिलंय.

तुमचा,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
वसई